भुंग्याचं दुखणं

औंधच्या मनुबाई दत्तक नेलेल्या भुंग्याला कडेवर घेऊन कुत्र्यांच्या निवाऱ्यात परत आल्या, तशी तिथं काम करणारी प्रियदर्शनी लगबगीनं पुढे आली. घरभर उच्छाद मांडतो म्हणून दोन घरांनी त्याला आधीच परत पाठवलं होतं.

"मावशी, तुम्हीपण?"

"अगं, औषध दे काहीतरी. तू म्हणालीस क्षणभर बसत न्हाई, आन् ह्यो तर सकाळी आडवा झाला की सांजच्यालाच उठतो."

"आणि पहाटे काय करतो?"

"माझ्यासंगं यमाईचा डोंगर चढतो. रोजचा नेम हाय माझा. मी चार पायऱ्या चढस्तवर ह्यो देवीच्या दारात जाऊन माघारी येतो."

प्रियदर्शनीला हसू फुटलं. "आजारी नाही हो तो! जन्मात पहिल्यांदा दमलाय."

मनुबाईंनी भुंग्यावर पदर ओढला.

"व्हय? मग हळू बोल की गं, उठंल त्यो."