वाळूवरच्या लाटा

"हे काय, गास्पारेकाका? कोंबड्या उकरून गेल्यात की काय?"

महालाच्या न्हाणीघरातल्या वाळूवर वाकड्यातिकड्या रेघा होत्या. मध्येच तुटलेल्या, एकमेकींत घुसलेल्या. नेरीना हसली. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच.

गास्पारे समुद्राकडे बघत खोकला. "झाड लवकर. सोमवारी पुरातत्त्व कचेरीचे साहेब यायचेत."

तिनं खराटा फिरवला, वाळूखालचं कापड गुंडाळलं आणि फरशीवरचे दोन हजार वर्षांपूर्वीचे मासे उजेडात आले.

या पडक्या रोमन महालातल्या रंगीत खड्यांच्या फरशा नोव्हेंबरात वाळूखाली झाकायच्या आणि ईस्टरच्या आधी उघडायच्या. तिच्या वडिलांनी, ओत्तोरीनोंनी, एकतीस वर्षं हे काम केलं; मदतीला गास्पारे. पत्र्याच्या छपराखाली वाळू पसरली की ते दंताळ्यानं तिच्यावर लाटा ओढत. कुणी चोरून आत पाऊल टाकलंच, तर मोडलेल्या लाटेवरून कळावं म्हणून. फेब्रुवारीत ते गेले. तोरिनोहून ती पोचली तेव्हा शवपेटी बंद झाली होती. कचेरीकडून त्यांची जागा तिनं मागून घेतली.

दुपारी ती मोठ्या दालनाशी आली आणि थबकली. दाराशी वडिलांची घडीची खुर्ची अजून उघडीच होती. आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाटा. एकसारख्या, अखंड.

"बाबांचा हात," ती म्हणाली. उकिडवी बसली, पण बोट लावलं नाही. "हे मी झाडणार नाही."

"वेडी आहेस? हेच दालन झाकलेलं दिसलं तर साहेब किल्ल्या काढून घेतील."

"घेऊ देत. त्यांच्या हातचं दुसरं काय उरलंय माझ्याकडे?"

"बाप तसा, लेक तशी. एका गोठ्यातली गाढवं."

तिनं किल्ल्यांचा जुडगा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. "तुम्हीच द्या साहेबांना."

गास्पारे किल्ल्या घेऊन दाराकडे वळला. मग त्या खुर्चीत बसला.

"हे दालन मी ओढलंय, पोरी. तुझा बाप इथं बसून सांगत होता, तसं. हात थरथरायचे त्याचे. म्हणाला, लेकीला कळवू नकोस, सगळं टाकून धावत येईल."

"म्हणजे त्यांनी काहीच…"

"एक खोली केली ना. ऐकेचना. चार दिवस लागले." गास्पारेनं तिच्याकडे पाहिलं नाही. "न्हाणीघर."