आधी महिना, मग दिवस

"आठ जुलैला आमची बोट झावळ्यांखाली झाकलेली होती. अख्ख्या वाडीनं बघितलीय," यमुनाबाई टेबलावर हात आपटून म्हणाली.

मच्छीमार सोसायटीचा चेअरमन हरिश्चंद्र खुर्चीतून हललासुद्धा नाही. कम्प्युटरवर तिच्या नवऱ्याच्या, धाकूच्या, बोटीपुढे आठ जुलै दिसत होती. जून-जुलैत मासेमारीला बंदी. बंदर सोडल्याची तारीख बोटीवरचं यंत्रच पाठवतं, तेव्हा वाद कसला, असं त्याचं म्हणणं. धाकूचं लायसन रद्द करा, अशी शिफारस संध्याकाळी रत्नागिरीच्या ऑफिसात जाणार होती. लायसन गेलं की बोट किनाऱ्यावर कुजणार. धाकू दाराशी मान खाली घालून उभा होता. त्याच्या वाट्याचंही यमुनाबाईच भांडत होती.

आम्ही बंदी उठल्यावर, सात ऑगस्टला गेलो, हे ती ओरडून ओरडून सांगत होती.

"सात ऑगस्टला माझी बोट गेली. हे बघा, नावापुढे आहे," हरिश्चंद्र म्हणाला. "कम्प्युटर खोटं बोलत नाही, वहिनी."

कम्प्युटरवर त्याची पुतणी ईशा बसली होती. त्या दोन तारखा एकापाठोपाठ ऐकल्या आणि तिचं डोकं सणकलं. हा कम्प्युटर गेल्याच आठवड्यात आला होता. सेटिंग अमेरिकेची, ती कोणी बदललीच नव्हती. बोटीवरचं यंत्र आधी दिवस लिहितं, मग महिना. हा शहाणा कम्प्युटर आधी महिना वाचत होता. बारा तारखेनंतरचं सगळं बरोबर येई, कारण तेरावा महिना नसतो. म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि एवढ्यावर ही माणसं धाकूच्या पोटावर पाय द्यायला निघाली होती.

तारखा उलट्या वाचल्या गेल्यात, पुन्हा काढते, असं ती म्हणाली.

"राहू दे आता," हरिश्चंद्र घाईनं म्हणाला. "कागद संध्याकाळी जायचाय."

ईशानं ऐकलं नाही. सेटिंग बदलली, सगळ्या तारखा नव्यानं मागवल्या. धाकूपुढे सात ऑगस्ट आली. यमुनाबाईनं धाकूला ओढून कम्प्युटरपुढे आणलं. चुका होतात, विषय संपला, असं पुटपुटत हरिश्चंद्र उठला आणि कम्प्युटर बंद करायला त्यानं हात पुढे केला.

ईशानं तो हात बाजूला सारला. त्याच्या नावापुढची तारीखही सुलट झाली होती. आठ जुलै.

"कागद संध्याकाळी जायचाय ना, काका? जाऊ दे. फक्त नाव बदलते."