दारं लावून घ्या

शेजारच्या टॉवरवाल्यांच्या तक्रारीवरून घाटकोपरच्या त्या चाळीत दर आठवड्याला डासांचा धूर मारला जायचा आणि शीतलचं आठ महिन्यांचं बाळ खोकून खोकून बेजार व्हायचं.

“दारं लावून घ्या! घाण तुमची आणि डेंग्यू आमच्या पोरांना?” टॉवरचे सेक्रेटरी बाल्कनीतून सुनावायचे.

शेवटी पुराव्यासाठी त्यांनीच टॉवरच्या गच्चीवर लेझरचं यंत्र बसवून घेतलं. झोतातले डास कुठून कुठे जातात, ते पडद्यावर दिसायचं. निकाल ऐकायला चाळकऱ्यांनाही मुद्दाम बोलावलं.

यंत्रवाली मुलगी म्हणाली, “सर, डास तुमच्या कारंज्यातून उठून चाळीत जातायत.”

“यंत्र उलटं लावलंय तुम्ही!” सेक्रेटरी गुरगुरले.

शीतल बाळाला घेऊन तडक खाली उतरली. चाळीत शिरणाऱ्या धूरवाल्याला तिने दंडाला धरून टॉवरच्या गेटात आणलं आणि वर बघून ओरडली,

“दारं लावून घ्या, सेक्रेटरीसाहेब!”