महिन्यातले पंधरा दिवस घरी

या, जरा जवळ सरका मायबाप, एका वैमानिकाच्या घरातली गोष्ट सांगतो.

खासगी विमानांच्या दोन कंपन्यांची नोकरीची पत्रं टेबलावर शेजारी शेजारी पडली होती. दुसरीचा पगार दीडपट, वर महिन्यातले पंधरा दिवस घरी. नवरा म्हणाला, "आता कसला विचार करतेस? मी दुसरीला होकार कळवलासुद्धा, सोमवारी रुजू व्हायचंय." तरी मनाच्या समाधानासाठी बायकोने तिथल्याच एका वैमानिकाच्या घरी फोन लावला.

"पगार वेळेवर होतो ना हो, ताई?"

"एक तारीख कधी चुकली नाही."

"आणि पंधरा दिवसांची सुट्टी? की नुसती कागदावर?"

"छे गं, ठरल्या दिवशी दारात हजर. आत्ताही समोरच बसलेत. विमान समुद्रात पडलं त्याला तीन वर्षं झाली, पण एक सुट्टी बुडाली नाही. गणवेश तेवढा वाळत नाही मेला."

 पलीकडे कुणीतरी हळूच काही बोललं.

"हे विचारतायत, तुमचे साहेब सोमवारी नक्की येणार ना? यांच्या शेजारची सीट रिकामी आहे."

मायबाप, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा बायकोने अडवूनही सोमवारी हसत घराबाहेर पडलेल्या त्या माणसाची आठवण ठेवा.