अण्णारावाची दुसरी माती

"नको जाऊ, रामलिंगा. चाळीस वर्सं झाली. माणसाची माती झाली आसंल आता," बसम्मा म्हणाली.

रामलिंगानं टिकाव-फावडं मोटारसायकलला बांधलं, पूजेची पिशवी गळ्यात अडकवली.

"अव्वा, उद्या पोकलेन येऊन राहिलं. गाळासंगं अप्पा बी ट्रॉलीत जातील, कुणाच्या तरी उसाच्या रानात. चालंल तुला?"

चाललंच काय, धावलं असतं बसम्माला. पण हे पोटच्या पोराला सांगायचं कसं?

देगलूरच्या अलीकडची ही लिंगवाडी म्हणजे वर सरकलेलं गाव. बांध घातला, तळ्याचं पाणी चढलं, तसं गाव भांडीकुंडी घेऊन माळावर आलं. जिवंत होते तेवढे आले, मेलेले खालीच राहिले. गाव सगळं लिंगायतांचं. इथं माणसाला जाळत नाहीत. अंगाला भस्म, हातावर लिंग, अन् मांडी घालून खड्ड्यात बसवतात. म्हणजे चाळीस वर्षं गावाचे आजे-पणजे तळ्याच्या बुडाशी बैठक मारून होते. शिवरात्रीला पाण्यावर बुडबुडे आले की म्हातारे सांगायचे, खाली पंचायत बसली. अन् मोठा बुडबुडा आला म्हणजे भीमाशंकर पाटील कुणावर तरी खेकसला.

यंदा तळं बुडापर्यंत आटलं. गाळ उपसायचं ठरलं. ज्यानं त्यानं आपलं माणूस उचलून वरच्या जागेत न्यावं, असा निरोप फिरला. आठ दिवसांत सगळे वर आले. बसम्माचा नवरा अण्णाराव तेवढा खाली राहिला.

राहणारच. कारण तो तिथं कधी गेलाच नव्हता.

अण्णाराव हैदराबादला गिरणीत कामाला गेला आणि तिथंच एका बाईसंगं बिऱ्हाड मांडून बसला. टाकलेल्या बायकोला दिरानं चार दिवससुद्धा उंबऱ्याच्या आत ठेवलं नसतं. विधवेला निदान चुलीपुरता कोपरा मिळाला असता आणि तीन वर्षांच्या पोराला बापाचं नाव. तेव्हा शेजारच्या सिद्धम्मानं अक्कल चालवली. तिचा नवरा देगलूरहून बैलगाडीत अण्णारावाला घेऊन आला. आत कडबा, वर धोतर, डोक्याला पटका, तोंडावर चादर. बॉयलर फुटला, तोंड बघण्यासारखं राहिलं नाही, असं त्यानं सांगितलं. खुर्चीत बसवून, फुलांनी सजवून मिरवणूक निघाली. खांदेकरी हळहळले, "लई झडला हो अण्णाराव. शहराचं पाणी मानवलं न्हाई." सगळं गाव रडलं. दीर तर सगळ्यांत जास्त.

पुढं पाणी चढलं तेव्हा गाव पुन्हा रडलं. बसम्माही रडली, पण सुटले म्हणून.

रामलिंग लहानपणी दर सोमवारी काठावर जाऊन पाण्यावर बेलाचं पान सोडायचा. "अव्वा, अप्पा खालून घेतेत का गं?" "घेतेत की." मोठा झाला, कापसाच्या हंगामात उमरीच्या जिनिंगवर जायला लागला, तरी आला की पान सोडायचाच. हल्ली दहा-अकरा वर्षांत मात्र ते सुटलं होतं. कामाच्या रगाड्यात राहतंय कुठं ध्यानात, असं बसम्माला वाटे.

"थांब, मी बी येते," म्हणून ती मागं बसली.

काठावर सिद्धम्मा शेळ्या घेऊन उभी होती. रामलिंग गाडी लावायला गेला तशी ती कानाशी लागली. "म्हण, पाण्यानं हाडं गिळली."

"दुसऱ्याची गिळली न्हाईत."

"मग म्हण, तुझा बाप गरीब व्हता, हाडंच कमी व्हती."

बसम्माला हसू आलं नाही.

भेगाळलेल्या गाळातून चालताना जुनं गाव पायाखाली लागत होतं. इथं वाण्याचं दुकान, इथं आड, इथं तिचीच चूल. रामलिंगानं तिला देवळापुढच्या अर्ध्या रुतलेल्या नंदीच्या पाठीवर बसवलं आणि तो गाळाच्या ढिगाआड गेला. टिकावाचे घाव ऐकू यायला लागले.

प्रत्येक घावाला ती मनात एकच वाक्य घोकत होती. तुझा बाप मेला न्हवता रे, मीच मारला. तो रिकाम्या हातानं आला की हे सांगून टाकायचं. मग त्यानं तोंड फिरवलं तरी चालेल, घराबाहेर काढलं तरी चालेल.

घाव थांबले. बऱ्याच वेळानं रामलिंग आला. दोन्ही हातांवर पांढऱ्या धडप्यात बांधलेलं काहीतरी होतं.

"मिळाले अप्पा."

बसम्मा बघतच राहिली. कुणाचं उचललं ह्यानं? का काहीच सापडलं नाही म्हणून आईच्या समाधानासाठी शेळीची हाडं बांधून आणली? तसं असलं तर बरंच. घोकलेलं वाक्य तिनं गिळलं.

"दे हिकडं."

तिनं ते मांडीवर घेतलं. लहान पोराएवढंही वजन नव्हतं. गाठ ढिली होती. तिनं आत हात घातला आणि तसाच ठेवला. बोटांना माती लागली नाही. कोरडी, मऊ राख लागली आणि जळून ठिसूळ झालेले चार तुकडे.

"रामलिंगा," ती म्हणाली, "आपल्यात माणूस जाळत न्हाईत."

"न्हाईत." तो तिच्या पायाशी बसला. वर बघितलं नाही त्यानं. "हैदराबाद सोडून उमरीच्या जिनिंगवरच कामाला व्हते अप्पा. मागल्या म्हयन्यात तिथंच वारले. मी पोचायच्या आत शेजाऱ्यांनी उरकून टाकलं. त्यांला काय म्हाईत आपली रीत. अकरा वर्सं भेटत व्हतो मी, अव्वा. दर बारीला एकच इचारायचे, बसम्मा येऊ देईल का?"