काय निघालं?

चहा पिताना हेमलताबाईंच्या हातातली कपबशी वाजू लागली, की त्यांचे यजमान पद्माकरराव म्हणत, "आरती सुरू झाली वाटतं!" त्याही हसत. पण वर्षभर हात थरथरत होते, तळपाय जळत होते, अंगभर मुंग्या येत होत्या, आणि प्रत्येक डॉक्टर रिपोर्ट पाहून सांगत होता, "सगळं नॉर्मल आहे. मन रमवा."

मन रमवायला त्यांनी भजनी मंडळ धरलं. तिथे बुवांनी ताल धरायच्या आधीच यांचे टाळ वाजायचे.

शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंनी फाईल बाजूला सारली आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या तळहातांवर घेतले. बोटांची थरथर त्यांनी नीट निरखली.

"हे मनाचे खेळ नाहीत," त्या म्हणाल्या. "नसांचं काहीतरी आहे. काय ते मला अजून सांगता येत नाही, पण शोधू आपण."

हेमलताबाईंना रडूच कोसळलं. बाहेर आल्या त्या डोळे पुसत, पण तोंडभर हसत. पद्माकरराव गोंधळले. "काय निघालं?"

"आजार निघायचाय अजून. पण मी खरी निघाले," त्या म्हणाल्या. "आता गाडीत बसेपर्यंत त्या सगळ्या आरत्यांची माफी मागून मोकळे व्हा."