भोपळ्याचा विरह

"अरे, जरा केविलवाणा बघ की," तो टेबलाखाली वाकून म्हणाला. भोपळ्याने जांभई दिली. कुत्र्याच्या जातीला अभिनय येत नाही हे मान्य, पण मालकावर वेळ आली असताना निदान जांभई तरी आवरावी.

वेळ खरोखरच आली होती. विमा कंपनीच्या तक्रार विभागाने घरून काम करणं बंद करून सगळ्यांना सोमवारपासून ऑफिसात बोलावलं होतं. बाकीचे मुकाट्याने आपापले डबे शोधायला लागले. याने मात्र सवलत मागितली. कारण काय, तर कुत्रा. आपण घराबाहेर पडलो तर हे मुकं जनावर झुरून झुरून जीव देईल, असं त्याने विभागाच्या प्रमुख मॅडमना कळवलं. गंमत म्हणजे त्याचा त्यावर मनापासून विश्वास होता. तीन वर्षं भोपळ्या दिवसभर त्याच्या खुर्चीला चिकटून पडलेला असायचा. एवढी माया स्वारीला सख्ख्या भावानेही दाखवली नव्हती.

ती जागा मुळात कुणाची, हा प्रश्न मात्र त्याला कधी पडला नाही. घरात ऊन येणारी खिडकी एकच. तिच्यापाशी आधी भोपळ्याची गादी होती, मग यांचं टेबल आलं. गादी सरकत सरकत टेबलाखाली गेली आणि तिच्या मागोमाग भोपळ्याही. वर दिवसभर एकच जप ऐकायचा, "तुमची भावना मी समजू शकतो." तक्रार कुणाचीही असो, कशाचीही असो, हा फोनवर भावना समजून घ्यायचा. घरातल्यांनी फोन केला असता तर त्यांचीही समजली असती कदाचित.

घरातली म्हणजे बायको. ती गाणं शिकवायची. "मीटिंग चालू आहे" म्हणत म्हणत याने आधी तिच्या शिकवण्या बंद पाडल्या, मग तिचा स्वतःचा रियाज. आताशा तर मिक्सरसुद्धा यांची परवानगी घेऊन फिरायचा.

मॅडमनी स्क्रीनवरून भोपळ्याचं दर्शन घेतलं. तो नेमका तेव्हा पाय वर करून कान खाजवत होता. मॅडमकडे स्वतःची दोन मांजरं होती, त्यामुळे त्या अशा दुःखाला सहजासहजी भुलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी सरळ तोडगा काढला. सोमवारी ऑफिसात यायचं, घरात कॅमेरा लावून ठेवायचा आणि दुपारी दोघांनी मिळून पाहायचं. कुत्र्याचे खरंच हाल होत असतील, तर खुशाल घरी बसा.

"कॅमेरा मी लावते," बायको तत्परतेने म्हणाली. एरवी या घरात साधा बल्ब बदलायचा तर आठवडा उलटायचा. कॅमेरा मात्र गॅसवरचा चहा उकळायच्या आत भिंतीवर लागला.

सोमवारी स्वारीला घास गेला नाही. ऑफिसात बसून तो सारखा दाराकडे बघत होता, जणू भोपळ्या तिथून धापा टाकत येणार होता. दुपारी मॅडमच्या केबिनमध्ये त्याने फोनवर घरचं चित्र लावलं, आणि काळजात चर्र झालं. भोपळ्या खोलीच्या मधोमध बसला होता. मान वर, डोळे मिटलेले, तोंड उघडं.

"बघा मॅडम, रडतोय तो," तो कसाबसा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मॅडमनाही क्षणभर वाईट वाटलं. मग त्यांनी फोनचा आवाज वाढवला.

बायको गात होती. तीन वर्षं कोंडून ठेवलेला गळा तिने मोकळा सोडला होता, आणि भोपळ्या साथीला बसला होता. तिने तान घेतली की हा मान वर करून सूर लावायचा. ती थांबली की हाही थांबायचा. मीटिंगमध्ये समोरच्याचं बोलणं संपू देणं यांना इतक्या वर्षांत जमलं नव्हतं, ते कुत्र्याला जमत होतं. गाणं संपलं तसा भोपळ्या उठला, अंग ताणून यांच्या खुर्चीवर चढला आणि खिडकीतल्या उन्हात चारी पाय वर करून झोपला. थोड्याच वेळात केबिनमध्ये त्याचं घोरणं घुमू लागलं.

मॅडमनी फोन बंद करून त्याच्या हातात दिला.

"तुमची भावना मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "उद्यापासून वेळेवर या."

संध्याकाळी तो पडलेल्या चेहऱ्याने घरी परतला. कुलपात किल्ली फिरली मात्र, भोपळ्या धावत येऊन त्याच्या अंगावर झेपावला. शेपटी थांबेना, चाटणं आवरेना. असं स्वागत तीन वर्षांत एकदाही झालं नव्हतं. होणार कसं? स्वारी घरातून हलेल तेव्हा ना! बायकोनेही चहा पुढे करत विचारलं, दिवस कसा गेला? हेही पहिल्यांदाच. तो पार विरघळला. आपल्यावाचून या दोघांचं पान हलत नाही, हे त्याला पुन्हा पटलं. गाणं वगैरे सगळं वरवरचं. मुकी जनावरं दुःख लपवतात, असं त्याने कुठेतरी वाचलंही होतं. मॅडमकडे पुन्हा अर्ज करायचं नक्की करून तो समाधानाने झोपला.

सकाळी निघताना बूट दिसेनात. शोधत शोधत मागे वळून पाहतो तर खोलीच्या दारात भोपळ्या उभा, तोंडात यांचा एक बूट.

"पाहिलंस? बूट पळवलाय त्याने," तो बायकोला म्हणाला. आनंदाने त्याचा आवाज कापत होता. "मला जाऊच देत नाहीये."

बायकोने कॅमेरा भिंतीवरून काढून ठेवला. त्याने मॅडमना पुरावा पाठवायला घाईघाईने फोन काढला आणि चित्रण सुरू केलं. भोपळ्या सावकाश चालत आला. बूट त्याने मालकाच्या पायाशी नीट ठेवला.

मग आत जाऊन दुसराही घेऊन आला.